चार चौकटी, एक कोरा फुगा : जपानी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाचे प्रकरण

जपानी मुलांना मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आवडते, तेव्हा मांगातूनच इंग्रजी शिकवू, हा तर्क ऐकायला सरळ आहे आणि वर्गात पहिल्याच तासाला तोंडावर आपटतो. मुलांना आवडते ती जपानीतली मांगा. तीच इंग्रजीत छापून हातात दिली की मुले चित्रे पाहतात, हसतात, पान उलटतात; इंग्रजीच्या वाटेला जातच नाहीत. गोष्ट त्यांना आधीच पाठ असते. नसली तरी चांगली काढलेली चित्रकथा अक्षरांशिवाय निम्मीअधिक कळते, आणि वर्गात नेमका हाच गुण आडवा येतो.

खाली मांडलेले प्रकरण याच्या उलट टोकाने सुरू होते. इंग्रजी वाचायला द्यायची नाही, मागायची. चार चौकटींची छोटी चित्रकथा, तिच्यात एकच फुगा, म्हणजे पात्राचे बोलणे लिहायची जागा, कोरा, आणि गोष्ट त्या फुग्याशिवाय पुरी होत नाही. वर्ग कुठल्या एका शाळेचा नाही. जपानी सरकारी शाळेत सर्वसाधारणपणे जी परिस्थिती असते ती धरून उभा केलेला नमुना आहे. मोजमापे आणि मिनिटे मात्र जशीच्या तशी वापरता येतील अशी दिली आहेत.

वर्ग कसा, अडले कुठे

चुगाक्को ही तीन वर्षांची माध्यमिक शाळा, वय १२ ते १५. आपला वर्ग दुसऱ्या वर्षाचा, ३६ मुलांचा. इंग्रजीचे वर्षाला १४० तास, म्हणजे आठवड्याला ४, आणि तास ५० मिनिटांचा. २०२० पासून प्राथमिकच्या पाचवी-सहावीत इंग्रजी रीतसर विषय झाला, त्यामुळे मुले ६०० ते ७०० शब्द कानावरून घेऊन येतात. चुगाक्कोच्या तीन वर्षांत अभ्यासक्रम त्यावर आणखी १६०० ते १८०० शब्द मागतो. परदेशी सहायक शिक्षक, ज्याला सगळे 'एएलटी'च म्हणतात, तो आठवड्यातून एखाद्या तासाला येतो असे धरू.

घटक आहे 'विल' (त्या क्षणी ठरवलेले) आणि 'बी गोइंग टू' (आधी ठरलेला बेत). सरावाच्या कागदावर मुले दोन्ही बिनचूक भरतात. वरच्या पाच प्रश्नांत एक, खालच्या पाचांत दुसरे, हे त्यांना पान पाहूनच कळते. आठवड्याने मोकळे बोलायला लावले की सगळीकडे 'विल'. उद्याचा वाढदिवस, आधीच काढलेले तिकीट, आत्ता सुचलेली भूक, सगळ्याला एकच औषध.

जपानीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नाही, 'नेरु' म्हणजे झोपतो आणि झोपेनही, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. ठरवून ठेवलेल्या बेताला जपानीत 'योतेइ' आणि 'त्सुमोरी' आहेत, आणि तिथल्या तिथे ठरवलेल्या गोष्टीला साधे 'जाऽ, नेरु', म्हणजे 'मग झोपतो'. मराठीत आपण हाच फरक कोणी न शिकवता करतो: "उद्या मॅच खेळणार आहे" हा बेत, आणि "पाऊस आला? बरं, मग घरीच बसतो" हा त्या क्षणाचा निर्णय. फरक मुलाच्या डोक्यात आहेच. सुट्या वाक्यात तो दिसायला जागा नसते, कारण ही गोष्ट ठरली कधी, हे सुटे वाक्य सांगत नाही. चार चौकटी सांगतात.

योन्कोमाच का

'योन्कोमा' म्हणजे चार चौकटी, एकाखाली एक. जपानी वर्तमानपत्रांत रोज दिसणारा प्रकार. तिची घडण मुलांना ठाऊक असते: कि, शो, तेन, केत्सु. पहिल्या चौकटीत सुरुवात, दुसरीत तीच गोष्ट पुढे, तिसरीत कलाटणी, चौथीत शेवट. चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली ही घडण जपानी शाळेत भाषेच्या तासालाही भेटते, म्हणून 'तेन' म्हटले की काहीतरी उलटणार हे वर्गाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या घटकाला हवा असतो तो क्षण हाच: बेत मोडला आणि नवे काहीतरी ठरवावे लागले.

दुसरा फायदा दिशेचा. जपानी मांगाचे पान उजवीकडून डावीकडे वाचतात, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उभी योन्कोमा दोन्ही भाषांत वरून खालीच जाते. भांडणाचे मूळच कापले गेले. (पूर्ण नाही; एका चौकटीत दोघे बोलू लागले की ते परत उगवते. त्याबद्दल पुढे.)

कागद

शाळेतला कागद बी-४, म्हणजे २५७ गुणिले ३६४ मिमी. मधोमध घडी घातली की दोन बी-५ पाने, प्रत्येकी १८२ गुणिले २५७. डाव्या पानावर चित्रकथा, उजव्या पानावर लिहायच्या ओळी. डाव्या पानाचा हिशेब असा: वर-खाली १२-१२ मिमी समास, डोक्यावर वर्ग-क्रमांक-नावासाठी २० मिमी, मग ५० मिमी उंचीच्या चार चौकटी आणि त्यांच्यामध्ये ४-४ मिमीच्या तीन फटी. बेरीज २५६. चौकटीची रुंदी ११० मिमी ठेवली की बाजूला ४४ मिमीचा पट्टा उरतो, तो मदतीच्या शब्दांसाठी.

कोरा फुगा ७० गुणिले ३० मिमी, आत ९ मिमी अंतरावर तीन फिकट ओळी. तेरा-चौदा वर्षांचे मूल इंग्रजी अक्षराला ४ ते ५ मिमी घेते, म्हणजे ओळीत दोन-तीन शब्द आणि फुग्यात सहा ते आठ. याहून लहान फुगा दिला तर मुले वाक्य कापतात, मोठा दिला तर मोकळी जागा पाहून घाबरतात. फुगा लंबगोल नको. कोपऱ्यांतली जागा वाया जाते. गोल कोपऱ्यांचा आयत घ्यावा. जपानी फुगे उंच आणि अरुंद असतात, कारण आतला मजकूर उभा असतो. तो साचा इंग्रजीला लावला की 'बेसबॉल'चे तुकडे होऊन ते दोन मजल्यांवर बसते.

छपाई शाळेच्या डुप्लिकेटरवर, एका रंगात, खरखरीत कागदावर होते. राखाडी छटा त्यात डागासारख्या उमटतात. म्हणून रेषाचित्रच काढावे, रेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको, पाऊस तिरक्या रेघांनी दाखवावा. चित्रकला यथातथा असली तरी चालते, पण तीन गोष्टी लांबूनही ओळखू आल्याच पाहिजेत: भरलेली बॅग, कॅलेंडरवरची गोल खूण, आणि पाऊस. सगळा घटक त्यांच्यावर उभा आहे.

चौकटी अशा.

एक: शुक्रवार दुपार, वर्ग. युकी विचारते, "व्हॉट आर यू गोइंग टू डू टुमॉरो?"

दोन: केन. शेजारी बॅग, तिच्यातून बॅट डोकावते आहे, मागे कॅलेंडरवर शनिवारला खूण. "आयम गोइंग टू प्ले बेसबॉल इन द पार्क."

तीन: शनिवार सकाळ. केन दारात, बॅट हातात, बाहेर धो धो पाऊस. फोनवर संदेश, "नो गेम टुडे."

चार: केन, चेहरा कोरा, डोळे-तोंड काहीच नाही. "ओके. देन आयल" आणि पुढे कोरा फुगा.

छापील शब्द एकूण २१. यापेक्षा फार वर जाऊ नये, आणि नवे शब्द दोनाच्या वर नकोत. बाजूच्या पट्ट्यात सहा क्रियापदे: प्ले, वॉच, रीड, मेक, क्लीन, कॉल. नामे एकही नाहीत. याचे कारण थोड्या वेळात कळेल.

लिपीचा एक मुद्दा इथेच. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळा मजकूर मोठ्या लिपीत लिहायची जुनी रीत आहे. वर्गात ती पाळू नये. या मुलांची छोट्या लिपीतल्या 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल अजून पुरती थांबलेली नसते, आणि सगळेच मोठे लिहिले की वाक्याची सुरुवात, विशेषनाम आणि 'आय' हे मोठ्या अक्षरात लिहायचे हे त्यांना कळते की नाही, ते शिक्षकाला दिसेनासे होते. 'फॉन्ट कॉमिकसारखा दिसत नाही' ही तक्रार आली तर येऊ द्यावी.

पहिला तास, मिनिटांच्या हिशेबाने

तासाच्या आरंभी फळ्यावर 'मेआते', म्हणजे आजचे उद्दिष्ट, लिहायची जपानी वर्गात पद्धत आहे. तिथे 'विल आणि बी गोइंग टू यांतला फरक' असे लिहिले की प्रयोग संपलाच. मुले फरक शोधत नाहीत, सूत्र लावतात. 'केनचा शनिवार वाचवूया' एवढे पुरे. नमस्कार आणि मेआते मिळून ४ मिनिटे.

पुढची ५ मिनिटे फुगे पुसलेली चित्रकथा पडद्यावर. जोड्यांनी प्रत्येक चौकटीला इंग्रजीत एक शब्द किंवा तुकडा द्यायचा. 'फ्रायडे', 'बिग बॅग', 'रेन'. वाक्य मागू नये. ८ मिनिटे ऐकणे: तीन छापील ओळी आणि नमुन्यादाखल चौथी, उलटसुलट क्रमाने दोनदा वाचायच्या, मुलांनी चौकटीचा आकडा लिहायचा. इथे एक जुनी अडचण डोके वर काढते. 'आयल स्टे होम' हे मुलांना 'आय स्टे होम' ऐकू येते. शेवटचा पुसट 'ल' कानातून निसटतो. ऐकून लिहायला लावले तर अर्धा वर्ग तो गाळतो आणि शिक्षक त्याला व्याकरणाची चूक समजतो. ती कानाची आहे. म्हणून चौथी ओळ एकदा 'आय विल' अशी सुटी आणि एकदा 'आयल' अशी जोडून वाचावी, आणि कागदावर जोडलेलेच रूप छापावे.

आठ मिनिटे प्रश्नोत्तरे, जपानीत चालतील: बॅग कधी भरली, खूण कधी केली, पाऊस कधी आला. व्याकरणाचे नाव अजून नाही. मग ८ मिनिटे वाचन, 'रीड अँड लुक अप' पद्धतीने: ओळ पाहा, मान वर करा, जोडीदाराकडे पाहून बोला. मान वर केल्याशिवाय बोलायचे नाही. ही अट ढिली पडली की ३६ डोकी कागदात आणि सगळ्यांचा एकसुरी पाठ सुरू.

दहा मिनिटे कोरा फुगा. पाच मिनिटे शेजाऱ्याशी कागद बदलून वाचणे, उरलेली दोन मिनिटे 'फुरिकाएरि', आज काय कळले ते दोन ओळींत. नवख्या शिक्षकाचा तास बहुधा ऐकण्यातच लांबतो आणि फुग्याला चार मिनिटे उरतात. लांबलेच तर वाचन कापावे, फुगा कापू नये.

एका फुग्याजवळ उभे राहून

त्या दहा मिनिटांत शिक्षक बाकांमधून फिरतो. जपानी शिक्षकांत या फिरण्याला 'किकान शिदो' असे नाव आहे, आणि ते नुसते फिरणे नसते. कोणत्या कागदावर काय आले ते डोक्यात टिपत जायचे, नंतर फळ्यावर कोणाला बोलवायचे ते ठरवत जायचे. एका बाकावर लिहिले आहे: 'आयल गोइंग टू स्लीप.'

लाल पेन काढून 'गोइंग टू' खोडले की वाक्य बरोबर होते आणि मूल काहीच शिकत नाही. त्याऐवजी बोट चित्रावर.

"ही बॅग केनने कधी भरली?"
"काल. किंवा त्याआधी."
"आणि हा पाऊस?"
"आत्ता."
"मग झोपायचं कधी ठरवलं?"
"आत्ता... पाऊस बघून."
"मग बॅगेतले शब्द इथे कशाला आणलेस?"

'बॅगेतले शब्द' ही खूण वर्गाला मग कायमची पुरते. पुढे महिनाभर 'बी गोइंग टू'ला बॅग आणि 'विल'ला पाऊस म्हटले तरी काम चालते, आणि सूत्रापेक्षा ते जास्त दिवस टिकते.

एखादे मूल छापील 'आयल' खोडून 'देन आयम गोइंग टू स्लीप' असेही लिहील. ते चूक म्हणून कापू नये. पाऊस पडला तर झोपायचे हे त्याने आधीच ठरवले होते का, एवढे विचारावे. 'हो' म्हणाला तर वाक्य बरोबर आहे, आणि त्या पोराला घटक इतरांपेक्षा जास्त कळला आहे.

बाकीच्या चुका ठरावीक असतात, आणि त्यांतल्या काहींमागे जपानी उभी असते. 'आयल टू स्टे होम' यात मागच्या पाठातला 'टू' चिकटून आला. 'आयल स्टडींग' यात 'गोइंग'चे शेपूट. 'आयल गेम' ही सर्वांत चिवट: जपानीत 'गेमु सुरु', म्हणजे 'गेम करणे', असे पुष्कळ नामांना 'सुरु' लावले की क्रियापद तयार, तेव्हा मुलाच्या हिशेबाने 'गेम'मध्ये क्रियापद आलेच आहे. बाजूच्या पट्ट्यात नुसती क्रियापदे ठेवली ती यासाठी. नामे मुलांकडे ढीगभर असतात, अडते ते क्रियापदाशी. छापील 'आयल'मुळे कर्ता मात्र गाळता येत नाही, आणि हे मुद्दाम केलेले आहे. फुगा सुरुवातीपासून कोरा दिला तर चौथी चूक येते: 'स्टे होम'. चित्रात केन समोर उभा आहे, मग 'आय' कशाला, असा मुलांचा सरळ हिशेब. आपणही 'घरी बसतो' म्हणून कर्ता गाळतो, पण मराठी क्रियापद कोण बसतो ते थोडेफार सांगून जाते. जपानी क्रियापद काहीच सांगत नाही, म्हणून तिथली सवय अधिक खोल. दुसऱ्या वेळेपासून फुगा पूर्ण कोरा द्यावा आणि ही चूक होऊ द्यावी.

'आयल स्लीप' ३६ पैकी किती जण लिहितील याची पैज लावू नये. सगळ्यांत लहान, सगळ्यांत निर्धोक उत्तर तेच. उपाय सोपा: चौथ्या चौकटीतच एका कोपऱ्यात युकीचा छोटा चेहरा ठेवायचा आणि तिला दुसरा फुगा द्यायचा. शेजाऱ्याने त्यात युकीचे उत्तर लिहायचे. 'स्लीप'वर काय बोलणार? कंटाळलेला शेजारी 'अगेन?' लिहितो, वर्ग हसतो, आणि पुढच्या वेळी मूल आपणहून जरा जास्त लिहिते.

उरलेले तास

दुसऱ्या तासाला 'आफुरेको', म्हणजे चित्रावर आवाज चढवणे. एएलटीचा तास असेल तर तो इथे ठेवावा. त्याला चुका तपासायला बसवणे म्हणजे माणूस वाया घालवणे; केन चिडून बोलला तर कसा, निमूटपणे बोलला तर कसा, हे त्याच्याकडून ऐकावे. टॅबलेटवर जोडीने २० सेकंदांची नोंद. तिसऱ्या तासाला नवी चित्रकथा, तीच घडण. चौथ्या-पाचव्या तासाला मुले चौघांच्या गटात, म्हणजे नऊ 'हान'मध्ये, स्वतःची योन्कोमा करतात. बिघडते ते तिथे.

पहिले म्हणजे चित्रच तास खाऊन टाकते. प्रत्येक गटात एक चांगला चित्रकार असतो. तो केस रंगवत बसतो, तिघे त्याच्याभोवती वाकून पाहतात, आणि पन्नासाव्या मिनिटाला सुरेख चित्र आणि तीन शब्दांचे इंग्रजी हाती येते. म्हणून क्रम उलटा. आधी साध्या कागदावर चार ओळींचे इंग्रजी, चौघांनी एकेक ओळ, शिक्षकाची सही, मगच चौकटींचा कागद हाती. त्यावर माणसे आधीच छापलेली, फक्त डोळे, तोंड आणि हातातल्या वस्तू काढायच्या. वेळ १५ मिनिटे, घड्याळ पडद्यावर. चित्रकार मुले कुरकुरतात. त्यांना घरी नेऊन रंगवायची परवानगी द्यावी.

दुसरे, एका चौकटीतले दोघे. मुले पहिल्या बोलणाऱ्याला उजवीकडे बसवतात, कारण मांगात तसेच असते. इंग्रजी वाचणारा डावीकडचा फुगा आधी वाचतो आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येते. सांगून हे सुटत नाही, हात सवयीने तिकडेच जातो. छापील माणसांत प्रश्न विचारणारा डावीकडे आणि त्याचा फुगा थोडा वर, असे ठरवूनच टाकावे. (अमेरिकेत एके काळी जपानी मांगा आरशातल्यासारखी उलटवून छापत. त्यात सगळी पात्रे डावखुरी होत, आणि किमोनोची बाजू उलटी पडून जिवंत माणूस प्रेतासारखा नेसवलेला दिसे, कारण उजवी बाजू वर घेऊन किमोनो नेसवतात तो मृताला. २००२ च्या आसपास तिकडचे प्रकाशकही मूळ दिशेने छापण्याकडे वळले. गप्पा म्हणून मुलांना हे फार आवडते.)

तिसरे, भाषांतराचे यंत्र. आता प्रत्येक मुलाच्या हातात शाळेचा टॅबलेट आहे. जपानी वाक्य टाकले की इंग्रजी बाहेर, बिनचूक, आणि मुलाला उच्चारताही येणार नाही असे. ओळखायला कष्ट पडत नाहीत: वर्गाने न पाहिलेला शब्द आणि फुग्याबाहेर गेलेले वाक्य. बंदी घालण्यात अर्थ नाही. 'सही हवी तर ओळ कागद न पाहता मला बोलून दाखव' ही एकच अट ठेवली की लांब वाक्ये आपोआप आखूड होतात.

ध्वनिशब्दांवर वेळ घालवू नये. पावसाचा 'झाऽऽ', छातीचा 'दोकी दोकी', आणि शांततेचा 'शीऽऽन' मुले जपानीतच लिहितील. लिहू द्या. शांततेला आवाजाचा शब्द इंग्रजीत नाहीच, तो शोधत पंधरा मिनिटे घालवण्यापेक्षा क्रियापद सुधारलेले बरे.

हो की नाही

तिसऱ्या तासाच्या नव्या चित्रकथेसाठी एक विषय इतका जमतो की तो वेगळा सांगायलाच हवा. नकारार्थी प्रश्न.

परदेशात पाहुणा गेलेला मुलगा जेवतो आहे. घरची बाई विचारते, "डोन्ट यू लाइक इट?" मुलाला पदार्थ आवडला आहे. तो जपानीत विचार करतो: 'आवडलं नाही का?' 'नाही, आवडलं.' आणि म्हणतो, "नो." तिसऱ्या चौकटीत ताट उचलले गेले. मराठी माणूसही तिथे असाच उपाशी राहील, कारण "आवडलं नाही का?" याला आपणही "नाही हो, आवडलं की!" असेच म्हणतो. जपानी आणि मराठी प्रश्नाशी सहमत आहे की नाही ते सांगतात. इंग्रजीला फक्त पुढचे वाक्य होकारी की नकारी याच्याशी मतलब.

नियम म्हणून हे फळ्यावर लिहिले तर तेरा वर्षांच्या मुलाला गरगरते. उचललेले ताट पाहिले की कळते. कोरा फुगा चौथ्या चौकटीत, ताटाकडे हात केलेल्या मुलाच्या तोंडी. अपेक्षित ओळ 'येस, आय डू!' एवढीच, पुढे काय जोडतील ते त्यांच्यावर. या चित्रकथेत मुलाच्या डोक्यावर विचाराचा ढग काढून आत हृदयाचे चिन्ह ठेवायला विसरू नये. ते नसेल तर त्याला पदार्थ खरेच आवडला नाही असा अर्थ लागतो, आणि मग 'नो' बरोबर ठरते.

जपानी-इंग्रजी शब्दांचे विनोद, म्हणजे 'मॅन्शन' म्हणजे साधा फ्लॅट (मुंबईच्या जुन्या इमारतींच्या नावांतली मॅन्शने आठवा) किंवा 'कन्निंगु' म्हणजे कॉपी, हेही तेन म्हणून झकास बसतात. हशा मोठा, मिळकत एका शब्दाची. वर्षातून एकदा, सुट्टीआधीच्या तासाला.

विकतची मांगा वापरायचीच असेल तर

जपानच्या कॉपीराइट कायद्याचे ३५ वे कलम शिक्षकाला वर्गापुरती प्रत काढायची मुभा देते, परवानगी न मागता. पण लेखक-प्रकाशकाचे अवाजवी नुकसान होईल असे करायचे नाही, म्हणजे एखादी चौकट किंवा पान ठीक, पुस्तकच्या पुस्तक नाही. तेच पान मुलांच्या टॅबलेटवर पाठवणे वेगळ्या सदरात जाते. त्यासाठी शाळा चालवणारी संस्था 'सार्ट्रास' या मंडळाकडे भरपाई भरते, २०२१ पासून चुगाक्कोच्या मुलामागे वर्षाला १८० येन. आपल्या शाळेच्या वतीने ती भरली जाते का, हे कार्यालयात विचारूनच पाठवावे.

आणि मजकूर? लढाईच्या मांगाच्या इंग्रजीत 'गॉना', 'वॉना', अर्धी वाक्ये, शिव्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला त्यातले वाक्य उचलून लिहायला दिले की परीक्षेत 'गॉना' येतो. एकच चौकट घ्यावी, फुगा पांढरा करावा, आणि मुलांनाच भरायला लावावी.

गुण

२०२१ पासून चुगाक्कोत गुणदान तीन बाजूंनी होते: ज्ञान-कौशल्य, विचार-निर्णय-अभिव्यक्ती, आणि शिकण्याची तयारी. चित्राला गुण नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. 'आयल वॉच मूव्ही' हे क्रियापदात बरोबर, एक 'अ' कमी. पण पाऊस पाहून केलेला निर्णय म्हणून पूर्ण. 'आयल प्ले बेसबॉल इन द पार्क' हे व्याकरणात निर्दोष आणि गोष्टीत चूक. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की मुलाला काय सुधारायचे ते कळत नाही, म्हणून दोन रकाने वेगळे.

खेळ चालला आहे, अभ्यास कुठे, असे पालक विचारतात. त्यांच्यापुढे एइकेन ठेवावी, जपानची सर्वांत परिचित इंग्रजी परीक्षा. तिच्या प्री-१ पातळीच्या तोंडी परीक्षेत चार चौकटींचे चित्र देतात, १ मिनिट विचाराला आणि २ मिनिटे ती गोष्ट इंग्रजीत सांगायला.

सत्रपरीक्षेत नवी चित्रकथा द्यावी, न पाहिलेली. मुलगी पुस्तक घेऊन वाचनालयाकडे निघालेली, तिसऱ्या चौकटीत दारावर 'क्लोज्ड'. कोरा फुगा चौथा. उत्तरपत्रिका तपासण्याआधी शिक्षकांनी आपसांत एक गोष्ट ठरवून घ्यावी: 'आयल वेट हिअर' याला पूर्ण गुण द्यायचे की नाही. वाचनालय आज उघडणारच नाही असे चित्रात कुठेही नाही, तेव्हा द्यावे लागतात. नको असेल तर पाटीवर 'टुडे' हा शब्द छापायच्या आधी घालावा.